सदर पत्र कोणास?

दिवाळीच्या अंकात कोणावर चिडू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. चिडावयाचे असेल तर वर्षाचे बाकीचे अकरा महिने मोकळे आहेत. फराळाच्या ताटाशेजारी उघडलेल्या अंकात गोष्ट असावी, प्रवासवर्णन असावे, राशिभविष्य असावे. भांडण असू नये. हा संकेत मी आजवर पाळला. यंदा मोडते आहे, आणि संपादकांनी तो मोडू दिला याबद्दल त्यांची आभारी आहे. भांडण माणसाशी नाही. ई-मेलच्या यंत्राला जी एक खोड लावून ठेवली आहे, तिच्याशी आहे.

खोड सर्वांच्या परिचयाची आहे. आपण ई-मेल लिहावयास बसतो. 'टू' असे लिहिलेल्या रकान्यात, म्हणजे आपल्या 'प्रति'च्या जागी, नावाची दोन अक्षरे टाकतो न टाकतो तोच यंत्र खाली नावांची एक माळ सोडते. तीतले पहिले नाव आधीच रंगवून ठेवलेले असते. आपले बोट 'टॅब' किंवा 'एंटर' या कळीवर पडले की ते नाव पत्त्यासकट रकान्यात जाऊन बसते. "पुरे, पुढचे मला ठाऊक आहे," असेच जणू ते आपल्याला सांगत असते. पुढचे आपल्याला ठाऊक आहे असे समजून दुसऱ्याचे वाक्य मध्येच तोडणारी माणसे प्रत्येकाच्या नात्यात एकदोन असतात, आणि ती लग्नकार्यात कोणाला शेजारी नको असतात. यंत्राला मात्र याच गुणाबद्दल शाबासकी मिळते. त्याला सोय म्हणतात.

माझे म्हणणे सरळ आहे. पत्र कोणास जावयाचे हे ठरविणे, हे पत्र लिहिण्यातले सर्वांत मोठे काम आहे, मजकुराहूनही मोठे. मजकूर चुकला तर दुसरे पत्र लिहून खुलासा करता येतो. पत्ता चुकला तर ते पत्र राहत नाही, चहाडी होते. हे काम न विचारता अंदाजाने उरकण्याचा यंत्राला काही अधिकार नाही. आणि तो अंदाज फसल्यावर खुर्चीत बसलेल्या कारकुनाची मान धरण्याचा अधिकार तर त्याच्या वरिष्ठांना मुळीच नाही.

मी नागपूरला सदरमध्ये राहते. लिबर्टी टॉकीज, रेसिडेन्सी रोड, छावणी हा माझा परिसर, शाळाही तेथेच. 'सदर' हा शब्द आम्हां सदरवाल्यांना लहानपणापासून छळत आला आहे. किल्ल्यावर सदर असते, जेथे कारभारी बसत. छावणीतल्या मुख्य बाजाराला इंग्रजी अमलात सदर बाजार म्हणत. म्हणून एक सदर बाजार साताऱ्याला आहे, एक सोलापूरला, एक जालन्याला, आणि दिल्लीचा तर प्रसिद्धच. त्यावर कचेरीच्या मराठीत सदर म्हणजे 'वर सांगितलेला'. सदर इसम, सदर अर्जदार, सदर प्रकरणी. मुलांना अर्जलेखन शिकविताना मी बजावते की 'सदर' लिहिण्यापूर्वी वर कोणाचे तरी नाव आले आहे ना, ते पाहा. नाहीतर सदर म्हणजे कोण? ई-मेलच्या यंत्राची सारी विद्या या एका शब्दात मावते. आपण 'दे' म्हणावे आणि त्याने 'सदर' म्हणावे. मागे ज्याला लिहिले होते, तोच हा. वर सांगितलेला.

मी शिकले मॅट्रिकपर्यंत. (हल्ली दहावी म्हणतात, आमच्या घरी शब्द बदललेला नाही.) लहान वर्गांना मराठी शिकविते आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. यंत्राचे शास्त्र मला कळते असा माझा दावा नाही. पण पत्राचे शास्त्र मला कळते, आणि त्याविषयी मी कोणाचेही ऐकून घेणार नाही.

आपल्या जुन्या पत्राचा मायना आठवून पाहा. वडिलांना 'तीर्थरूप', गुरुजींना 'तीर्थस्वरूप', धाकट्याला 'चिरंजीव', परक्या गृहस्थाला 'रा. रा.' आणि खाली 'स. न. वि. वि.'. या मायन्यांची थट्टा करण्याची आता रीत पडली आहे. मीही एका कादंबरीत केली आहे. पण ते नुसते लोणकढे अवडंबर नव्हते. कोणता मायना घालावयाचा हे ठरविण्यासाठी लिहिणाऱ्याला क्षणभर थांबून समोरचा माणूस डोळ्यांपुढे आणावा लागे. हा वडील की धाकटा? जवळचा की लांबचा? नमस्कार की आशीर्वाद? तो माणूस डोळ्यांपुढे आला की मगच लेखणी पुढे सरके. नंतर पत्र पुरे व्हावयाचे, घडी पडावयाची, पाकीट चिकटावयाचे, आणि शेवटी पाकिटावर तोच माणूस पुन्हा एकदा, या वेळी गावासकट, लिहावा लागे. म्हणजे एकाच पत्रात एकाच माणसाची दोनदा ओळख पटवून घेतलेली असे, एकदा आरंभी आणि एकदा शेवटी. आत 'तीर्थरूप' आणि बाहेर भलत्याचेच नाव, असे झाले तर हात आपोआप अडखळे. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी चिटणवीस असत. सिव्हिल लाइन्समध्ये त्या घराण्याच्या नावाचे केंद्र आजही आहे. चिठ्ठी लिहिणे हे पद होते, आणि त्या पदावरच्या माणसाने पत्र कोणास ते अंदाजाने लिहावे, ही कल्पनाही कोणाला सुचली नसती.

टपालखात्याचेही उदाहरण घ्या, आणि ते तर आपल्या मराठी माणसाचेच आहे. आपण पत्त्याखाली सहा आकडी पिन कोड घालतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती बसविली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्र सरकारच्या टपाल खात्यातले हे मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एका नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, वाचता न येणारी अक्षरे, यांमुळे पत्रे भटकत असत. वेलणकरांनी त्यावर काय उपाय केला? त्यांनी लिहिणाऱ्याला सांगितले की, बाबा, आणखी सहा आकडे लिही. आमच्या सदरचा आकडा ४४०००१. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा हा विभाग. पहिले तीन मिळून जेथे टपालाची वर्गवारी होते तो जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे ज्या कचेरीतून पोस्टमन निघतो ती. आता सातारचा सदर बाजार आणि नागपूरचा सदर बाजार यांची गल्लत होणार नाही. पत्र बिनचूक जावे म्हणून लिहिणाऱ्याचे श्रम थोडे वाढविले, ही त्यांतली मेख आहे.

ई-मेलचा पत्ता तर याहून पक्का. रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये '@' हे चिन्ह घातले, तेव्हापासून जगात एका पत्त्याचा एकच धनी. त्याला पिन कोडचीही गरज नाही. कारण तो पत्ता पुरा लिहावा लागतो, अक्षर न अक्षर. आणि नेमके हेच, पुरे लिहिणे, आपण यंत्राला देऊन टाकले! कुलूप उत्तम बनविले आणि किल्ली दारालाच लटकवून ठेवली.

यंत्र हे करते कसे, हे मी भाच्याकडून समजून घेतले. तो मिहानमध्ये एका कंपनीत आहे. आपण ज्याला ज्याला लिहितो, त्याचा पत्ता यंत्र मुकाट्याने टिपून ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये ही यादी पूर्वी एका वेगळ्या फायलीत असे, तिच्या नावाच्या शेवटी 'एनके२' अशी अक्षरे असत, 'निकनेम' म्हणजे टोपणनाव यावरून. २०१० च्या आउटलुकपासून ती टपालपेटीतच राहू लागली. यादीत हजारभर नावे मावतात. ज्यांना वारंवार लिहिले आणि अलीकडे लिहिले, ती नावे वर चढतात. यांतले एकही नाव आपण 'हे लक्षात ठेव' म्हणून सांगितलेले नसते. आठ वर्षांपूर्वी गॅसच्या तक्रारीसाठी एकदाच लिहिलेला पत्ताही तेथे असतो, आणि मुलीच्या सासरचाही असतो, शेजारी शेजारी, एका अक्षराचे सोबती म्हणून.

त्यातून आपली मराठी नावे! माधव आणि माधवी, वसंत आणि वसंती, सुहास आणि सुहासिनी, आनंद आणि आनंदी, नलिन आणि नलिनी. पुरुषाच्या नावाला शेपटी जोडली की बाईचे नाव होते, ही आपल्या भाषेची रीत; आणि यंत्र तर डोके पाहून निवडते, शेपटीपर्यंत थांबतच नाही. कचेऱ्यांत आडनाव आधी लिहितात, तर तेथे देशमुख, देशपांडे, देशकर, देशभ्रतार. 'देश' एवढे टाकले की सगळा विदर्भ उभा राहतो. ज्यांनी ही यंत्रे बनविली त्यांच्या देशातही ही पंचाईत आहेच. २००९ साली गूगलने जीमेलमध्ये एक प्रायोगिक सोय काढली, तिचे नावच 'गॉट द राँग बॉब?' नेहमी जी मंडळी एका पत्रात असतात त्यांच्यांत एखादा उपरा आला तर यंत्र विचारी, हा दुसराच बॉब तर नव्हे? म्हणजे रोग त्यांना तेव्हाच ठाऊक होता. औषध म्हणून त्यांनी एका अंदाजावर दुसऱ्या अंदाजाचा पहारा बसविला. पहिला अंदाजच का करावा, असे काही कोणी विचारले नाही.

आता मी चिडले कशामुळे ते सांगते. एका शाळेत घडलेली गोष्ट आहे. शाळेचे नाव सांगणार नाही, पण मी ती पेपरात वाचलेली नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे. ज्या मुलांना फी माफ करावयाची त्यांची यादी कार्यालयाने तयार केली. फी माफ का करावयाची, त्याची कारणेही पुढच्या रकान्यात होती. वडील दारू पितात. आईला टाकले आहे. वडील तुरुंगात. अशी कारणे विश्वस्तांना द्यावीच लागतात, नाहीतर ते सही करीत नाहीत. ही यादी एका विश्वस्तांना पाठवावयाची होती. कारकुनाने त्यांच्या नावाची चार अक्षरे टाकली, यंत्राने नाव पुरे केले, आणि यादी गेली त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या एका पालकबाईंना. आदल्या दिवशी सहलीच्या पैशांवरून त्या बाईंशी तीनदा पत्रव्यवहार झाला होता. म्हणून त्यांचे नाव यादीत वर चढलेले होते. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी एकाच मैत्रिणीला दाखविली. संध्याकाळपर्यंत ती यादी पालकांच्या व्हॉट्सॲपच्या गटावर होती.

तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली एक मुलगी शाळेत आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. आठ दिवस ती आली नाही. मी घरी गेले तर तिची आई दारातच म्हणाली, "बाई, आम्ही फी भरून टाकतो. यादीतून नाव काढायला सांगा." कोठून भरणार होती ती? दोन घरची धुणीभांडी करणारी बाई. नवव्या दिवशी मुलगी आली, शेवटच्या बाकावर बसली आणि वर्ष संपेपर्यंत तेथून उठली नाही. पूर्वी ती माझ्या टेबलापासून दुसऱ्या बाकावर असे, आणि कविता म्हणावयाला सर्वांत आधी तिचा हात वर व्हावयाचा.

शाळेने काय केले? कारकुनाला मेमो दिला. 'सदर कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' दोन दिवसांचा पगार कापला. बावीस वर्षे नोकरी झालेला माणूस. त्याच्या हाताखालून हजारो दाखले गेले, एकाची जन्मतारीख चुकली नाही. मला म्हणाला, "बाई, मी चारच अक्षरं टाकली होती हो. बाकीचं मी लिहिलंच नाही." त्याचे हे वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते अक्षरशः खरे आहे. चुकीचे जे होते ते त्याने लिहिलेले नव्हते. आणि त्याने जे लिहिले होते त्यात चूक नव्हती.

कोणी म्हणेल, सदरमधल्या एका शाळेची ही गोष्ट, तेथला कारकून अडाणी असेल. तर मग ऑस्ट्रेलियाची गोष्ट ऐका. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० देशांची परिषद भरावयाची होती. त्या देशाच्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने एकतीस जागतिक नेत्यांची माहिती ई-मेलने पाठविली: नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, व्हिसाचा तपशील. त्यात ओबामा होते, पुतिन होते, मर्केलबाई होत्या, शी जिनपिंग होते, आणि आपले पंतप्रधान नरेंद्र मोदीही होते. पत्र गेले कोठे? पुढच्या जानेवारीत तेथे आशियाई फुटबॉल स्पर्धा होणार होत्या, त्यांच्या आयोजकांपैकी एकाकडे! आउटलुकने पत्ता पुरा केला होता. दहा मिनिटांत चूक ध्यानात आली, फुटबॉलवाल्याने पत्र खोडून टाकले, आणि खात्याने असे ठरविले की या एकतीस जणांना काही कळविण्याची आवश्यकता नाही. मार्च २०१५ मध्ये 'गार्डियन'ने ती बातमी फोडली तेव्हा जगाला कळले. आणि खात्याने कारण काय नोंदविले होते? मानवी चूक. यंत्राने भरलेले नाव बरोबर आहे की नाही हे त्या कर्मचाऱ्याने पाहिले नाही, ही मानवी चूक.

मला या दोन शब्दांचा संताप येतो. यंत्राने बरोबर नाव भरले तर ते यंत्राचे कौशल्य, आणि चुकीचे भरले तर ती मानवी चूक! ही कोठली वाटणी? घरात सुनेने केलेला पदार्थ चांगला झाला तर सासूची शिकवण, बिघडला तर सुनेचा हात. हा न्याय आपण आपल्या स्वयंपाकघरांतून मोठ्या कष्टाने हद्दपार केला, तो आता कचेरीच्या टेबलावर येऊन बसला आहे. ब्रिटनमध्ये माहितीच्या गोपनीयतेवर देखरेख ठेवणारे एक आयुक्त कार्यालय आहे. संस्थांकडून त्याच्याकडे ज्या चुका नोंदविल्या जातात, त्यांत 'भलत्यालाच ई-मेल गेला' हा प्रकार वर्षानुवर्षे अगदी वरच्या जागी असतो. एकाच खड्ड्यात माणसे सारखी पडू लागली तर नगरपालिकेने माणसांना मेमो द्यावयाचा, की खड्डा बुजवावयाचा? (नागपूरकरांनी या प्रश्नाचे उत्तर देऊ नये.)

भाच्याशी माझा यावर दोन संध्याकाळी वाद झाला. तो म्हणाला, "अगं आत्या, तू त्या मशीनला उगाच बदनाम करून राहिली. ते नुसतं सुचवते. निवडतो माणूसच." मी म्हटले, सुचविणारा माणूस उत्तराची वाट पाहतो. 'आज पिठले करायचे का?' असे विचारणे म्हणजे सुचविणे. पिठले ताटात वाढून, घास तोंडाशी आणून, 'नको असेल तर सांग' म्हणणे याला सुचविणे म्हणत नाहीत. पहिले नाव रंगवून ठेवावयाचे आणि पुढच्या रकान्यात जाण्याची जी कळ, तीच होकाराची कळ करावयाची, यात विचारणे कोठे आले? शिवाय शंभर वेळा यंत्राचे बरोबर येते, म्हणूनच एकशेएकाव्या वेळी डोळा तिकडे जात नाही. बेभरवशाच्या गड्यावर आपण नजर ठेवतो. फसवितो तो भरवशाचा.

मग त्याने दुसरे अस्त्र काढले. "हातानं पूर्ण पत्ता टाकला तर चुका होत नाहीत का?" होतात. अमेरिकन सैन्याचे पत्ते 'मिल' या अक्षरांनी संपतात आणि आफ्रिकेतल्या माली देशाचे 'एमएल'ने. मधले एक अक्षर गळाले की सैन्याचे पत्र मालीच्या वाटेला लागते, आणि वर्षानुवर्षे अशी लक्षावधी पत्रे तिकडे गेल्याचे २०२३ साली वृत्तपत्रांत आले. मी हे नाकारीत नाही. पण असे उदाहरण शोधावे लागते. एरवी बोटाची चूक आपल्याला कोठे नेते? बहुधा कोठेच नाही. अक्षर चुकले की त्या पत्त्याचा धनीच जगात नसतो. पत्र 'असा पत्ता नाही' म्हणून परत येते, जसे टपालातले बेवारस पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसातून फिरून येई. यंत्राची चूक मात्र सहसा परत येत नाही. यंत्र सहसा नसलेला पत्ता लिहीत नाही! ते जो लिहिते तो बहुधा खरा असतो, चालू असतो, आणि आपल्या ओळखीतलाच असतो. पत्र वाऱ्यावर गेलेले परवडले. ओळखीच्या पण नको त्या घरात गेलेले परवडत नाही. नणंदेविषयी आईला लिहिलेले पत्र मालीला गेले तर कोणाचे काय बिघडते? ते नणंदेला गेले तर पुढची दहा भाऊबीजा गेल्या. आणि यंत्राच्या यादीत माली नसतो, नणंद असते.

दिवाळीत फराळाचे ताट घेऊन आपण पोराला शेजारी पाठवितो, आणि ते देशपांड्यांऐवजी देशमुखांकडे देऊन येते. त्यात काय गेले? देशमुख चकली खातात आणि ताट अनरसे घालून परत करतात. पत्रही पूर्वी चुकून दुसऱ्या घरी पडले तर पाकिटावरचे नाव पाहून शेजारी ते न फोडता आणून देत. ई-मेलला पाकीटच नाही. ते पोचते तेच उघडे.

भाच्याचा शेवटचा मुद्दा असा की, मोठ्या लोकांना हे सांभाळता येते. मी त्याला मार्च २०२५ ची आठवण दिली. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा चालू असलेल्या 'सिग्नल'वरच्या गटात 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनाच घेतले. एप्रिलमध्ये 'गार्डियन'ने दिलेल्या बातमीप्रमाणे, गोल्डबर्ग यांचा नंबर वॉल्ट्झ यांच्या फोनमध्ये दुसऱ्याच एका अधिकाऱ्याच्या नावाखाली साठविला गेला होता, आणि तसा तो साठवावा ही सूचना फोननेच केली होती, असे व्हाइट हाउसच्या चौकशीत दिसून आले. ई-मेल नव्हे, पण खोड तीच. भाचा त्यावर काही बोलला नाही. चहा घेतला आणि गेला.

एक गोष्ट मी वादात काढली नाही, कारण ती वादाची नाही. आमच्याबरोबर शिकविणाऱ्या एक बाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या नावाचे पहिले अक्षर टाकले की आजही त्यांचे नाव खाली येऊन उभे राहते. ते पुसून टाकण्यासाठी नावाशेजारी एक फुली असते. ती फुली मी दाबलेली नाही. पण दर खेपेस ते नाव समोर आणण्याचा निर्णय माझा असावयास हवा होता.

हे सारे मोडून फेका असे मी म्हणत नाही. ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना नीट दिसत नाही, ज्यांना रोमन अक्षरे एकेक शोधून टाकावी लागतात, त्यांना ही सोय आधारासारखी आहे. त्यांनी ती मागून घ्यावी. माझी मागणी एवढीच की न मागणाऱ्याच्या गळ्यात ती बांधू नये. यंत्र कारखान्यातून निघते तेव्हा ही खोड बंद असावी, ज्याला हवी त्याने उघडावी. आज उलटे आहे. जुन्या घडणीच्या आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'मेल' असे आत आत गेले तर तळाकडे एक खूण पुसावयाची सोय सापडते, आणि शेजारीच सगळी यादी रिकामी करण्याचे बटण. जीमेलमध्ये, नव्या माणसाला लिहिले की त्याचा पत्ता आपोआप साठवू नकोस, एवढे सांगता येते. आणि पाठविलेले पत्र मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त तीस सेकंद मिळतात. आउटलुकमध्येही पत्र परत बोलावता येते, पण बहुधा आपल्याच संस्थेच्या आत. तोवर जाणते लोक सांगतात की पत्र आधी पुरे लिहा आणि 'प्रति'चा रकाना सर्वांत शेवटी भरा. म्हणजे पाकिटावरचा पत्ता शेवटी! एवढे फिरून आम्ही पुन्हा आजोबांच्या टेबलाशी आलो.

शाळांच्या चालकांनी तर हे आपल्या कार्यालयांत आजच करावे. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. माहिती सुरक्षित ठेवण्याची वाजवी व्यवस्था केली नाही, तर त्यात अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घेतलेली आहे. दंडाचा आकडा ऐकून चालक मंडळी खडबडून जागी होतील यात शंका नाही. माझी भीती निराळी आहे. जागी झालेली ही मंडळी खूण पुसण्याऐवजी मेमोची भाषा अधिक कडक करतील, आणि कारकुनाकडून 'चुकीस मी जबाबदार राहीन' असा कागद लिहून घेतील.

त्या कारकुनाचा मेमो अजून त्याच्या सेवापुस्तकात आहे. तो काढून टाकावा आणि कापलेला पगार परत द्यावा, असा अर्ज मी त्याला लिहून दिला. चार अक्षरे कोणाची आणि उरलेली कोणाची, ते त्यात स्पष्ट मांडले आहे. अर्ज हाताने लिहिला, 'प्रति' खाली अध्यक्षांचे नाव आधी लिहिले, पाकिटावर ते पुन्हा लिहिले, खाली ४४०००१ घातले, आणि जी.पी.ओ.त जाऊन रजिस्टर केले. पोच आली आहे. उत्तर यावयाचे आहे.